ग्दान्स्कमध्ये अपार्टमेंट घेताना आधी इमारतीचं वय विचारा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं पाच जणांचं कुटुंब, म्हणजे नवराबायको, शाळकरी मुलगा आणि सत्तरीतले सासू-सासरे, जुलैअखेर आठवडाभर पोलंडमधल्या ग्दान्स्क या बंदराच्या शहरात राहणार आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सासूबाई शाकाहारी आहेत आणि बाहेरचं रोज खाऊ शकत नाहीत. हॉटेल घ्यावं की अपार्टमेंट, आणि घेतलं तर कुठल्या भागात? शिवाय एक जाहिरात त्यांच्या मनात भरली आहे: 'ऐतिहासिक इमारत, मारियात्स्का रस्त्यापासून दोन मिनिटं, तिसरा मजला, सहा जणांची सोय.' ती घ्यावी का?

मी याच शहरात राहतो. घरमालकांच्या वतीने पाहुण्यांची अपार्टमेंट सांभाळणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे पाहुण्यांची गाऱ्हाणी आणि मालकांची गाऱ्हाणी दोन्ही माझ्याच फोनवर येतात. तुम्हाला माझं उत्तर असं: अपार्टमेंट जरूर घ्या, पण ते नको. का नको, हे नीट कळायला या शहराच्या विटा कधीच्या आहेत ते आधी बघावं लागेल.

फोटोत दिसणारं ग्दान्स्क, म्हणजे उंच निमुळत्या माथ्यांची रंगीत घरं, नेपच्यूनचं कारंजं, मोत्वावा नदीकाठचा लाकडी क्रेन, हा सगळा भाग पोलिश लोक 'ग्वूव्ने मियास्तो' म्हणजे मुख्य शहर म्हणून ओळखतात. 'स्तारे मियास्तो' म्हणजे जुनं शहर हा त्याच्या उत्तरेचा वेगळा भाग आहे. जाहिरातीत मात्र दोन्हीला सरसकट 'ओल्ड टाउन' म्हणतात, आणि कधी कधी त्यात अशी घरंही घुसवतात जिथून नेपच्यूनपर्यंत अर्धा तास चालावं लागतं. नकाशावर खूण कुठे पडते ते बघा, जाहिरातीतल्या शब्दांवर जाऊ नका.

1945 च्या मार्चमध्ये सोव्हिएत लाल सेनेने शहर घेतलं तेव्हा या मुख्य शहराची सुमारे नव्वद टक्के राखरांगोळी झाली होती. आज दिसतं ते बहुतांशी 1950 च्या दशकात पुन्हा उभारलेलं आहे. रस्त्याकडचे दर्शनी भाग जुनी चित्रं आणि फोटो बघून, उरलेले कोरीव दगड वापरून मन लावून केले. मागचं बांधकाम मात्र त्या काळच्या सरकारी गरजेचं होतं, म्हणजे कामगारांसाठी घरं. पूर्वी एकेका अरुंद, लांबलचक घरात एकच व्यापारी कुटुंब राहायचं, तळमजल्यावर उंच दिवाणखाना असायचा आणि मागे आणखी इमारती असायच्या. नव्या रचनेत मागच्या इमारती उभारल्याच नाहीत, तिथे मोकळी अंगणं सोडली. दोन-तीन दर्शनी भागांच्या पाठीमागे मिळून एकच जिना घातला आणि त्याच्या दोन्ही अंगांना छोटे फ्लॅट काढले. म्हणून बाहेरून सतराव्या शतकातलं दिसणारं घर आतून 1950 च्या दशकातला सरकारी फ्लॅट असतो. छत बेताचं, खोल्या लहान, जिना अरुंद आणि लिफ्ट बहुधा नाहीच.

यात फसवणूक नाही. दर्शनी भाग खरोखर ऐतिहासिक आराखड्यावर आहे, आणि मला स्वतःला ही पुनर्बांधणी फार मोलाची वाटते. पण पाहुणा 'ऐतिहासिक' वाचून मनात लाकडी तुळया आणि उंच खिडक्या आणतो आणि प्रत्यक्षात 38 चौरस मीटरमध्ये येऊन पडतो. जुन्या व्यापाऱ्याचं घर आतून कसं असायचं हे बघायचं असेल तर द्वूगा रस्त्यावर, 12 नंबरच्या घरात उफागेन कुटुंबाच्या वाड्याचं संग्रहालय आहे, तिथे तासभर घालवा. राहायला मात्र गुडघे सांभाळणारी इमारत निवडा.

तेव्हा घरमालकाला पहिला प्रश्न हा: इमारत कधी बांधली? त्या एका उत्तरात लिफ्ट, गरम पाणी, आवाज, उकाडा असं बरंच कळून येतं. ढोबळमानाने इथे तीन पिढ्यांची घरं भाड्याने मिळतात. 1950 च्या दशकातली ग्वूव्ने मियास्तोची घरं, ज्यांबद्दल वर सांगितलं. बाँबहल्ल्यातून वाचलेली, युद्धापूर्वीची घरं, जी दोल्ने मियास्तो, व्झेश्च आणि ओलिवा या भागांत आहेत. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत उभी राहिलेली, लिफ्ट आणि तळघरात पार्किंग असलेली घरं, जी प्रामुख्याने मोत्वावाच्या पलीकडे विस्पा स्पिख्शूव या कोठारांच्या बेटावर आणि आसपास आहेत.

या बेटावर एके काळी धान्याची तीनशेवर कोठारं होती. विस्तुला नदीतून पोलंडचा गहू आणि राय नावाचं धान्य यायचं आणि इथून नेदरलँड्सच्या जहाजांत चढायचं. 1945 ला बेट जळालं आणि नंतर कित्येक दशकं तिथे पडक्या भिंती आणि गवतच होतं. म्हणून आता तिथे जे आहे ते नवंकोरं, कोठारांच्या आकाराची नक्कल करणारं काच-विटांचं बांधकाम. शुद्धतावादी नाक मुरडतात. पण तुमच्यासारख्या कुटुंबाला मी डोळे झाकून इथलंच घर सुचवतो: बेटाचा दक्षिणेकडचा भाग, किंवा नदीच्या पूर्व काठावरचा शाफार्न्या रस्ता. लिफ्ट मिळते, न्हाणीघरात सपाट शॉवर मिळतो, आणि ब्रामा झेलोना या हिरव्या वेशीपर्यंत सपाट रस्त्याने आजोबांच्या चालीनेही पंधरा मिनिटांत पोचता. एकच अट, खोल्या अंगणाकडच्या हव्यात. बेटाच्या उत्तर टोकाला आणि पाण्याच्या काठाने बार आणि रेस्टॉरंटांची रांग आहे. शनिवारी रात्री लग्नाआधीच्या पार्ट्या करायला परदेशातून आलेली टोळकी तिथेच असतात. पोलंडमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ मानतात आणि इमारतीतले रहिवासी ती पाळायला लावतात, पण रस्त्यावरच्या गर्दीला ती कोण लावणार?

आता मारियात्स्काजवळची तुमची आवडती जाहिरात. तो रस्ता देखणा आहे यात वाद नाही. घरांपुढचे दगडी उंच ओटे, पावसाचं पाणी ओकणारे कोरीव मगरमुखी पन्हाळे, ओट्यांखालच्या तळघरांत अंबर या पिवळसर रत्नाची दुकानं, आणि टोकाला 1343 ते 1502 असं दीडशे वर्षांहून जास्त काळ बांधलेलं विटांचं प्रचंड मेरी चर्च. पण तिथे बॅगा ओढत आलात की पहिला अनुभव गोट्यांच्या फरसबंदीचा. चाकं अडकतात, आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. मग घर सापडतं पण दार सापडत नाही, कारण कितीतरी घरांचं दार मागच्या अंगणातून असतं. अंगणाच्या जाळीच्या फाटकाला किंवा भिंतीला आकड्यांची छोटी पेटी लावलेली असते, तिच्यात किल्ली. फाटकाला एक कोड, जिन्याच्या दाराला डोमोफोन म्हणजे इंटरकॉमचा दुसरा कोड, आणि जिन्यातला दिवा आपोआप विझणारा, त्याचं बटन प्रत्येक मजल्यावर. तिसरा मजला म्हणजे आपला तिसराच. पोलिश लोकही तळमजला सोडून मोजतात, तळाला 'पार्तर' आणि वरच्या मजल्याला 'प्येंत्रो' म्हणतात. म्हणजे दोन बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन सहा वळणं, आणि दिवसातून दोनदा. आठवड्याच्या मध्यावर आजोबा 'तुम्ही जा, मी घरीच बसतो' म्हणू लागतात. हे मी वारंवार पाहिलं आहे.

'सहा जणांची सोय' हेही उलगडून घ्या. पोलंडमध्ये खोल्या मोजताना बैठकीची खोली धरतात. 'दोन पोकोये' म्हणजे दोन बेडरूम नव्हेत, तो आपला वन बीएचके. स्वयंपाकघर बहुधा वेगळं नसतंच, बैठकीच्या एका भिंतीला ओटा आणि हॉब (शेगडी) असतो. सहावा आणि पाचवा माणूस तिथल्याच सोफा-कम-बेडवर. म्हणजे मुलगा झोपलेला असताना सासूबाईंना पहाटे चहा करायचा तर त्याच्या उशाशी. पाच जणांना तुम्हाला 'तीन पोकोये' हवेत, क्षेत्रफळ किमान 55 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 590 चौरस फूट. आकडे चटईक्षेत्राचे असतात, त्यामुळे आपल्याकडच्या सुपर बिल्टअपच्या सवयीने घाबरू नका.

जाहिरातीत 'पोद्दाशे' हा शब्द असेल तर तो पोटमाळा. उतरत्या छपराखालची खोली फोटोत गोड दिसते. जुलैत दुपारी कौलं तापतात, एसी जुन्या इमारतींत नसतो, आणि कपाळ दोन-तीनदा तुळईला लागल्याशिवाय अंदाज येत नाही. शिवाय सीगल. हे पक्षी ग्दान्स्कच्या छपरांवर घरटी करतात आणि उन्हाळ्यात पिल्लं सांभाळताना पहाटे चारला जो काही गलका करतात त्यापुढे मोत्वावाकाठचे बार परवडले. पोटमाळ्यावर झोपणाऱ्याला तर त्यांची पावलंही ऐकू येतात. खिडकीच्या कट्ट्यावर खाण्याचं काही ठेवू नका, ते न्यायला ते आत वाकायलाही कमी करत नाहीत.

पहाटे चारचा दुसरा पाहुणा म्हणजे ऊन. शहर 54 अक्षांशावर आहे. जूनअखेरीस सव्वाचारला सूर्य उगवतो आणि नऊनंतर मावळतो. जुलैअखेर यात थोडाच फरक पडतो. पडदे पातळ असतील तर मुलगा पाचला उठून बसेल. जाड पडदे आहेत का हे विचारा, नाहीतर डोळ्यांवरच्या पट्ट्या आणा. याच घरात डिसेंबरमध्ये आलात तर साडेतीनलाच दिवे लावावे लागतात, तेव्हा प्रश्न पडद्यांचा नसून रेडिएटरचा असतो.

खिडकीबद्दल एक सांगून ठेवतो, कारण यावर आठवड्यातून एकदा तरी फोन येतो. मूठ खाली असली की खिडकी बंद. आडवी केली की दारासारखी उघडते. सरळ वर केली की वरची कड आत झुकते आणि फट पडते. मूठ अर्ध्यात असताना ओढली की एक कोपरा निसटून खिडकी लोंबकळल्यासारखी दिसते आणि पाहुणे घाबरतात. ती पडत नाही. वरचा कोपरा चौकटीत दाबून धरायचा, मूठ हलकेच फिरवायची, खिडकी पूर्ण बंद करायची आणि पुन्हा सुरुवात.

न्हाणीघराचं बोलू, कारण ज्येष्ठ बरोबर असले की अख्खी सहल तिथे ठरते. जुन्या इमारतींत शॉवर बाथटबच्या वर असतो. कड गुडघ्याएवढी, आत निसरडं. घरमालकाकडे न्हाणीघराचा जमिनीसकट फोटो मागा. गरम पाणी कसं येतं हेही विचारा. शहराच्या मध्यवर्ती उष्णतेच्या नळावर इमारत असेल तर चिंता नाही. विजेचा बॉयलर असेल तर त्याचे लिटर विचारा, 80 लिटरमध्ये दोघांची आंघोळ होते आणि तिसरा गार पाण्याखाली ओरडतो. युद्धापूर्वीच्या काही घरांत न्हाणीघरातच गॅस गीझर असतो. तिथे भिंतीतली जाळी कधीही कापडाने किंवा टॉवेलने बंद करायची नाही, थंडी वाजली तरीही. पोलंडमध्ये दर हिवाळ्यात कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. गॅस गीझर आहे पण त्या वायूचा डिटेक्टर नाही असं घर मी घेणार नाही, भाडं कितीही कमी असो. राहिलं ते जेट स्प्रेचं. तो मिळणार नाही, मग बॅगेत टाका. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

व्झेश्चचाही विचार करायला हरकत नाही. ही 1927 मध्ये जर्मन कादंबरीकार ग्युंटर ग्रासचा जन्म झाला ती वस्ती. तिथे युद्धापूर्वीच्या उंच छताच्या इमारती आहेत, आणि स्टेशनच्या जवळपास लिफ्टवाल्या नव्याही. विमानतळावरून येणारी लोकल थेट व्झेश्चला येते, आणि किनाऱ्याने ग्दान्स्क, सोपोट आणि ग्दिन्या ही तीन शहरं जोडणारी लोकल तिथूनच पकडता येते. मुख्य स्टेशन काही मिनिटांवर, सोपोटही जवळ. भाडं कमी, शेजारी खरे रहिवासी. पण आजी-आजोबांना दुपारी घरी येऊन पडायचं असेल तर रोज लोकलची चढउतार होते. तुमचा आठवडा बघता मी बेटावरच्या घराला कौल देईन. सोपोटला समुद्र दारात आहे, पण ते आरोग्यस्थान म्हणून घोषित असल्याने माणशी रोजचा छोटा कर लागतो, आणि जुलैत तिथली भाडी बघून मुकाट्याने परत फिरावं लागतं.

भाड्यावरून आठवलं, तुमच्या तारखा. जुलैच्या शेवटच्या शनिवारच्या सुमारास सेंट डॉमिनिकची जत्रा सुरू होते आणि तीन आठवडे चालते. 1260 पासूनची ही परंपरा. मुख्य शहरातल्या रस्त्यांवर शेकडो स्टॉल लागतात, जुनी नाणी, बरण्या, अंबर, लाकडी खेळणी, भाजलेले सॉसेज. तुम्हाला बघायला मिळेल ही चांगली गोष्ट आहे. पण स्टॉल लावणारे पहाटे गाड्या घेऊन येतात आणि त्यांच्या रस्त्यावर तुमची खिडकी असेल तर सुट्टी संपेपर्यंत झोप नाही. स्टॉलचे रस्ते दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून बुकिंगआधी घरमालकाला थेट विचारा: 'जत्रेचे स्टॉल आमच्या खिडकीखाली असतात का?' प्रामाणिक मालक खरं सांगतो. गोलमोल उत्तर आलं तर समजून जा. या तीन आठवड्यांत बुकिंग लवकर भरतं आणि चार-पाच रात्रींची किमान अट लागते, तेव्हा एप्रिल उजाडायची वाट बघू नका.

जेवणाचं मात्र छान जमेल. सासूबाईंना सांगा की इथे शेपू मुबलक मिळतो. पोलिश लोक बटाट्यावर, काकडीवर, सूपवर, सगळीकडे तो भुरभुरतात. शेपूची भाजी करतात हे सांगितल्यावर मंडईतली बाई चार जुड्या का घेताय म्हणून विचारणार नाही, आश्चर्यानेच बघेल. मंडई म्हणजे हाला तार्गोवा, 1896 ची विटांची देखणी इमारत. जुन्या डॉमिनिकन मठाच्या जागेवर ती उभी आहे, तळघरात उत्खननातले अवशेषही दिसतात. भाजीवाले बाहेरच्या अंगाला बसतात. जुलैअखेर नवे बटाटे, लहान गावठी काकड्या, पिवळ्या शेंगा, ब्लूबेरीसारखी रानातली निळी फळं आणि चेरी. मसूर डाळ प्रत्येक सुपरमार्केटात, तांदूळही. 'माश्लान्का' म्हणजे ताक, कढीला उत्तम. 'त्वारूग' नावाचा ताजा पांढरा चीज पनीरच्या जवळ जातो, पण तळला की विरघळल्यासारखा होतो, तो भुर्जीलाच वापरा. कोथिंबीर कुंडीत मिळते. कढीपत्ता, हिंग, गोडा मसाला घरून आणा.

हॉब बहुतेक इंडक्शनचे असतात, तेव्हा कुकर आणायचा तर इंडक्शनच्या बुडाचा. भारतीय तीन पिनांचा प्लग बसत नाही, दोन बारीक पिनांचा चार्जर बसतो. फोडणीआधी हॉबवरचा पंखा लावा आणि खिडकी फटीवर ठेवा. धूर ओळखणारा डिटेक्टर छताला असतो आणि मोहरी-मिरचीचा खकाणा त्याला आगच वाटतो. त्याच्यावर पिशवी बांधण्याची युक्ती करू नका, अनामत रकमेवर गदा येते. मालकांची आपल्या लोकांबद्दलची तक्रार वासाची नसते, हळदीची असते. पांढरे ओटे, पांढरे टॉवेल, पांढऱ्या चादरी आणि पिवळी बोटं! एक जुना टॉवेल स्वयंपाकाला आणा, भांडण मिटलं.

बाहेर खाताना सासूबाईंसाठी 'बार म्लेच्नी' हा शब्द लक्षात ठेवा. ही दारूची जागा नव्हे, स्वस्त खानावळ आहे. द्वूगा रस्त्यावर 'नेप्टून' ही त्यातली नावाजलेली. बटाटा, त्वारूग आणि कांद्याचं सारण भरलेले 'पिएरोगी रुस्किये' शाकाहारी असतात, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे. मागणी देतानाच 'बेस स्क्वार्कूव' म्हणा, म्हणजे ते तुकडे नकोत. रेस्टॉरंटमध्ये पावाबरोबर फुकट येणारं पांढरं लोण्यासारखं दिसणारं ते लोणी नसतं, बऱ्याचदा 'स्मालेत्स' म्हणजे डुकराची चरबी असते. आधी विचारा. 'झुरेक' सूपमध्ये सॉसेज असतंच.

हे पिएरोगी रुस्किये पोलंडभर रुळले ते मुख्यतः युद्धानंतर, पूर्वेकडून उठून आलेल्या लोकांबरोबर. तोवर बहुतांशी जर्मन असलेली ग्दान्स्कची वस्ती गेली आणि शहर पुन्हा भरलं त्यात विल्नो (आताचं लिथुआनियातलं विल्नियस) परिसरातून आलेले पोलिश बरेच होते. दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत जे पोलिश निर्वासित राहिले, तेही त्याच हरवलेल्या पूर्व पोलंडमधले. घरमालकीण वयस्क असेल तर कोल्हापूरचं नाव काढून बघा. ओळख निघेलच असं नाही, पण निघाली तर चहाचं बोलावणं पक्कं.

खरेदीत रविवारची मेख आहे. वर्षातले मोजके रविवार सोडले तर पोलंडमध्ये मोठी दुकानं आणि मॉल रविवारी बंद असतात. 'झाब्का' नावाची कोपऱ्यावरची हिरवी दुकानं बरीचशी उघडी असतात, दूध-पाव मिळतं, भाजीची आशा ठेवू नका. शनिवारी दुपारीच रविवारची तयारी करा. मुक्काम ऑगस्टमध्ये सरकला तर 15 ऑगस्टला इथेही सार्वजनिक सुट्टी असते, त्यांचा सैन्यदिन आणि मेरीचा सण, तेव्हा तोही दिवस रविवारच समजा.

कचरा पाच डब्यांत जातो: निळा कागदाला, हिरवा काचेला, पिवळा प्लास्टिक आणि धातूला, तपकिरी ओल्या कचऱ्याला, काळा उरलेल्याला. अंगणातल्या कुलपाच्या खोलीत डबे असतात आणि तिची किल्ली जुडग्यातच असते, ती बहुतेकांना शेवटच्या दिवशी सापडते. ऑक्टोबर 2025 पासून प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि कॅनवर 50 ग्रोशांची, म्हणजे अर्ध्या झ्वोटीची (झ्वोटी हे इथलं चलन) ठेव लागते. बाटलीवर ती खूण असेल तर चेपू नका, दुकानातल्या यंत्रात घाला, पैसे परत मिळतात. मुलाला हे काम द्या, तो आनंदाने करेल.

विमानतळावरून पाच माणसं आणि बॅगा साध्या टॅक्सीत मावत नाहीत, अॅपवर मोठी गाडी मागवा. मुख्य शहराचे कितीतरी रस्ते गाड्यांना बंद आहेत, म्हणून 'गाडी नेमकी कुठपर्यंत येते' हे मालकाकडून लिहून घ्या. स्वतः गाडी भाड्याने घेणार असाल तर मध्यभागी पार्किंगला पैसे पडतात आणि जागाही नसते. मालबोर्कचा विटांचा किल्ला बघायलाही रेल्वे पुरते, आणि वेस्टरप्लाटे, जिथे 1 सप्टेंबर 1939 ला युद्धाची ठिणगी पडली, तिथे उन्हाळ्यात बोटीने जाता येतं. लोकलचं कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका. न छापलेलं तिकीट तपासनिसाच्या लेखी तिकीट नसतं.

ओवोव्यांका बेटाकडचा पादचारी पूल बोटींसाठी ठरावीक वेळी उचलला जातो. तुमचं घर त्या बाजूला असेल आणि ट्रेन पकडायची असेल तर हातात पुरेसा जास्तीचा वेळ ठेवा.

व्हिसासाठी अपार्टमेंटचं बुकिंग चालतं, फक्त पाचही जणांची नावं पासपोर्टबरहुकूम त्यावर हवीत. एकट्याच्या नावाची पावती आली तर मालकाकडून सगळ्यांची नावं घातलेलं पत्र मागा. शेंगेन व्हिसाचा निकाल लागेपर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, तो सासू-सासऱ्यांच्या आधीच्या आजारांना लागू आहे का हे बारीक अक्षरांत वाचा. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा, इथलं औषधाचं दुकान आपली चिठ्ठी बघून प्रत्येक गोळी देईलच असं नाही.

पैसे बुकिंगच्या संकेतस्थळावरूनच द्या. 'थेट खात्यावर पाठवा, दहा टक्के सूट देतो' असा निरोप आला की तिथेच थांबा. चलन झ्वोटी आहे, युरो नाही. एटीएम किंवा कार्ड-यंत्र रुपयांत रक्कम दाखवून 'हीच स्वीकारा' म्हणालं तर नकार द्या आणि झ्वोटीतच घ्या. तुमची बँक त्याहून बरा दर लावते. पासपोर्टचा फोटो कुणी व्हॉट्सअॅपवर मागितला तर 'आल्यावर दाखवतो' एवढं पुरे.

आता मालकाला पाठवायचा निरोप. इंग्रजीत, छोटा, असा: इमारत कोणत्या वर्षाची, लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे की आधी पायऱ्या आहेत, बेडरूम किती आणि कुठल्या बाजूला, शॉवरची कड किती उंच, बॉयलर किती लिटरचा, जाड पडदे आहेत का, जत्रेचे स्टॉल कुठे. 'आधी पायऱ्या आहेत का' हे मुद्दाम विचारा, कारण लिफ्ट असलेल्या काही इमारतींतही दारापासून लिफ्टपर्यंत सहा-सात पायऱ्या असतात आणि जाहिरातीत त्या कुणी लिहीत नाही. दिवसभरात सगळ्यांची उत्तरं आली तर मालक कामाचा आहे. दोनच प्रश्नांची आली तर नळ गळेल तेव्हाही तो असाच अर्धा सापडेल, दुसरं घर बघा.

घरात शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी प्रत्येक खोलीचा फोनवर व्हिडिओ काढा. ओट्यावरचे डाग, काचेच्या हॉबवरचे ओरखडे, सोफ्याच्या कडा नीट दिसू द्या. काही मोडकं असेल तर त्याच संध्याकाळी बुकिंगच्या चॅटमध्ये लिहा, तोंडी फोनवर नको. निघायची वेळ दहा किंवा अकराची असते आणि ती कडक असते, कारण सफाईवाली बाई दाराशी येऊन थांबते. विमान संध्याकाळचं असेल तर मुख्य स्टेशनवर सामानाचे लॉकर आहेत. पण लिफ्टवाल्या नव्या इमारतींत पाहुण्यांचं सामान ठेवायची खोली बरेचदा असते, तीही त्याच निरोपात विचारून ठेवा.